शेवाळ कुठे वाढवायचं?

मराठी माणसाची शेवाळाशी ओळख बहुधा पाय घसरून होते. नदीच्या घाटाची शेवटची पायरी, विहिरीचा काठ, पावसाळ्यातली मोरीमागची फरशी. ज्यांच्या घरी दगडी हौद होता त्यांची ओळख आणखी जुनी. दर पंधरा दिवसांनी हौद रिकामा करायचा, नारळाच्या शेंडीने भिंती खसाखसा घासायच्या, हिरवा राप निघून जाईपर्यंत पाणी ओतायचं. पुढच्या पंधरवड्यात राप पुन्हा हजर. कोणी पेरत नाही, कोणी खत घालत नाही, तरी हे पीक येतं कसं, याचं आम्हा मुलांना कधी नवल वाटलं नाही. कंटाळा मात्र यायचा.

हे पुस्तक त्या रापाच्या तरंगत्या भावंडांविषयी आहे. शास्त्रात त्यांना सूक्ष्मशैवाल म्हणतात. क्लोरेला हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव. तिची पेशी दोन ते दहा मायक्रॉनची. डोक्यावरच्या केसाच्या जाडीत तशा आठ-दहा सहज ओळीने बसतील. तिला मूळ नाही, खोड नाही, फूल नाही. एकच पेशी, आणि तीच पान. उभं राहण्याचा आणि माती धरण्याचा खर्च नसल्यामुळे मिळालेला प्रकाश ती थेट वाढीला लावते, आणि ऊन, पाणी, खत मनासारखं असलं की एका दिवसात दुप्पट होते. डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी १८९० साली तिला हे नाव दिलं. प्रकाशसंश्लेषणात कार्बन कोणत्या वाटेने जातो हे मेल्विन कॅल्विन यांनी शोधलं ते क्लोरेला आणि सेनेडेस्मस यांच्यावर प्रयोग करून. त्या कामाला १९६१ चं नोबेल मिळालं. प्रयोगशाळेत इतका मान मिळालेल्या या जिवाच्या वाट्याला आपल्या घरात आली ती नारळाची शेंडी.

आता हौदातून उठून जरा उजनीला जाऊ. उन्हाळ्यात पुण्याहून सोलापूरकडे निघालं की भिगवणपाशी धरणाचा फुगवटा लागतो. पक्षी पाहायला आलेली माणसं दुर्बिणी वर धरून उभी असतात, म्हणून खाली पायाशी पाण्याचा रंग कसा आहे हे पटकन लक्षात येत नाही. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. सोलापूर शहर त्याचं पाणी पितं आणि जिल्ह्यातला ऊसही त्याच पाण्यावर उभा आहे. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्यासह भीमेला मिळतात, आणि भीमा तो सगळा ऐवज उजनीत आणून ठेवते. तिथे पाणी थांबतं, तापतं आणि हिरवं पडतं. हौदातलीच गोष्ट, फक्त हौद शेकडो चौरस किलोमीटरचा आहे आणि तो घासायला शेंडी नाही.

या पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर ते असं: पाण्यात खत असेल आणि वर सूर्य असेल, तर शेवाळ येणारच, ते कुठे येऊ द्यायचं, एवढाच निर्णय आपल्या हातात आहे. आपण मुद्दाम बांधलेल्या उथळ तळ्यात ते आलं तर कामगार ठरतं. धरणात आलं तर रोग ठरतं. शेवाळ तेच असतं, जागा बदललेली असते.

* * *

सांडपाणी या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर घाण येते. मोजायला गेलं तर शहरी मैलापाणी ९९.९ टक्के पाणीच असतं. उरलेल्या दशांश टक्क्यात सगळं काही आहे: अन्नाचे कण, विष्ठा, साबण, तेल, जंतू, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नत्र आणि स्फुरद. हे दोन शब्द शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाहीत. खताच्या गोणीवर तो ते रोज वाचतो. डाळीतून, भाकरीतून, दुधातून जो नत्र आपण पोटात घेतो, त्यातला बहुतांश लघवीवाटे गटारात जातो. शेतातून निघालेलं खत ताटात येतं आणि ताटातून नदीत जातं. शेतात परत जायची वाट आपण कधी बांधलीच नाही.

ज्याला आपण आज मैलापाणी शुद्धीकरण केंद्र म्हणतो, त्याची मूळ कल्पना १९१४ सालची, मँचेस्टरची. आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी दाखवलं की मैलापाण्यात हवा फुंकत राहिलं आणि त्यात तयार झालेला जिवंत गाळ पुन:पुन्हा वापरला, तर जिवाणू त्यातली घाण झपाट्याने खातात. शंभर वर्षांनंतरही जगभरची बहुतेक मोठी केंद्रं याच तत्त्वावर चालतात. पद्धत उत्तम आहे आणि कमी जागेत बसते. पण जिवाणूंना श्वास लागतो, तो ब्लोअरने पुरवावा लागतो, आणि अशा केंद्राच्या वीजबिलातला साधारण निम्मा किंवा त्याहून मोठा हिस्सा या फुंकण्यावर जातो. वीज गेली की जिवाणू गुदमरतात. बिल थकलं की केंद्र उभं राहतं, म्हणजे नुसतंच उभं राहतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होतं आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. बाकीचं ओढ्या-नाल्यांच्या हवाली. प्रक्रिया झालेल्या पाण्यातूनही नत्र आणि स्फुरद पुरतं निघालेलं असतं असं नाही. साध्या केंद्राचं मुख्य काम कुजणारी घाण कमी करणं हे. खत काढायचं तर यंत्रणेत आणखी टप्पे जोडावे लागतात. म्हणून नियमात बसणारं पाणी सोडूनही खालचं धरण हिरवं होऊ शकतं.

नत्र काढण्याची जी प्रचलित तऱ्हा आहे तिच्यात एक गंमत दडलेली आहे. अलिबागजवळ थळच्या कारखान्यात नैसर्गिक वायू खर्च करून हवेतला नत्र युरियात बांधला जातो. तो युरिया उसाला, गव्हाला, भाताला जातो, अन्नातून आपल्यात येतो आणि आपल्यातून मैलापाण्यात. तिथे आधुनिक केंद्र पुन्हा वीज खर्च करून जिवाणूंकरवी तोच नत्र वायू करून हवेत सोडून देतं. बांधायला इंधन, सोडायला वीज. स्फुरदाची तऱ्हा आणखी वाईट. तो हवेत जाऊ शकत नाही, म्हणून गाळात किंवा धरणात साचतो; आणि आपण मात्र स्फुरदाच्या खतासाठी परदेशी खडकांवर अवलंबून. जगातल्या ज्ञात स्फुरद-खडकाचा बराच मोठा वाटा एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहे.

शेवाळ या व्यवहारात शिरतं ते इथे. त्याला तोच नत्र हवा असतो, तोच स्फुरद हवा असतो, आणि त्या बदल्यात ते जिवाणूंना हवा असलेला प्राणवायू देतं.

* * *

हा सौदा नीट मांडला तो विल्यम ऑस्वाल्ड यांनी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या या अभियंत्याने गोटास या सहकाऱ्याबरोबर १९५७ साली मैलापाण्यातल्या प्रकाशसंश्लेषणावर निबंध प्रसिद्ध केला, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं तो याच तळ्याभोवती फिरत राहिला. त्याचं म्हणणं साधं होतं. जिवाणू घाण कुजवतात, तेव्हा त्यांना प्राणवायू लागतो आणि ते कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. शेवाळाला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि ते प्राणवायू बाहेर टाकतं. एकाचा उच्छ्वास दुसऱ्याचा श्वास. दोघांना एका तळ्यात ठेवा, ऊन द्या, आणि ब्लोअर बंद करा.

ऑस्वाल्डचं तळं म्हणजे धावपट्टीसारखं लांबट, मध्ये लांबीच्या दिशेने भिंत घातलेलं, जेमतेम गुडघ्याएवढं खोल. बहुधा तीस सेंटिमीटर. यापेक्षा खोल केलं तर खालच्या शेवाळाला ऊन मिळत नाही, कारण वरचंच शेवाळ सावली धरतं. एका बाजूला पात्यांचं चाक सावकाश फिरत असतं. पाणी सेकंदाला वीस-तीस सेंटिमीटर सरकत राहील एवढंच त्याचं काम. त्यामुळे खालचं वर येतं, वरचं खाली जातं, कोणी तळाशी बसत नाही आणि उन्हाची पाळी सगळ्यांना मिळते. रहाटाच्या पाळण्यात बसलेल्या पोरांसारखं. चाकाला वीज लागते, पण हवा फुंकण्याच्या मानाने अगदी थोडी.

या तळ्याला स्वत:चं दिवसाचं घड्याळ असतं, आणि ते समजलं की अर्धं शास्त्र समजलं. ऊन चढतं तसं शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) वाढतो; दुपारी तो नऊच्या वर, कधी दहापर्यंत जातो. त्या वेळी पाण्यात प्राणवायू इतका साठतो की बुडबुडे सुटतात. चढलेल्या सामूमुळे अमोनियाचा काही भाग उडून जातो, स्फुरदाचा काही भाग कॅल्शियमशी बांधला जाऊन खाली बसतो, आणि ऊन, सामू, प्राणवायू या तिघांच्या तडाख्यात रोगजंतू मोठ्या संख्येने मरतात. रात्री चित्र उलटं. शेवाळही आता श्वास घेतं, प्राणवायू घटतो, सामू उतरतो. पहाटे तळं दमलेलं असतं आणि सकाळी दहाला पुन्हा कामावर. सौर ऊर्जेवर चालणारं केंद्र म्हणून आपण पॅनेल लावायला निघतो. इथे पॅनेलच पाण्यात विरघळल्यासारखं असतं आणि स्वत:ची संख्या स्वत: वाढवतं.

* * *

परदेशी नावं आली म्हणून ही विद्या तिकडची असं कोणी समजू नये. कोलकात्याच्या पूर्वेला बारा हजार पाचशे हेक्टरचा पाणथळ प्रदेश आहे. २००२ साली त्याला रामसर दर्जा मिळाला. शहराचं मैलापाणी कालव्यांनी तिथल्या उथळ तलावांत येतं. त्या तलावांना तिथे ‘भेरी’ म्हणतात. उन्हात शेवाळ वाढतं, शेवाळ आणि त्यावर जगणारे बारीक जीव मासे खातात, आणि ते मासे कोलकात्याच्या बाजारात जातात. हे सगळं मच्छीमारांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताने शिकून बसवलं. कोणत्या वेळी किती मैलापाणी आत घ्यायचं, तळाला चुना कधी द्यायचा, पाण्याचा रंग कोणता झाला की थांबायचं, हे त्यांना सामू मोजायच्या यंत्राशिवाय कळत होतं. राज्य सरकारचे अभियंते ध्रुबज्योती घोष १९८० च्या दशकात शहराच्या मैलापाण्याचं होतं काय हे शोधत तिथे पोचले, आणि मग आयुष्यभर त्यांनी हा प्रदेश जगाला समजावून सांगितला. बांधकामांच्या रेट्यापुढे तो वाचावा म्हणून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि १९९२ साली त्याच्या बाजूने निकाल लागला. ज्याला शहर ओसाड दलदल म्हणत होतं, ते शहराचं फुकटचं शुद्धीकरण केंद्र होतं.

आपल्याकडे नागपूरनेही यात आपला वाटा उचलला आहे. आज जिला आपण नीरी म्हणून ओळखतो, त्या संस्थेत सोली आर्सीवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय हवामानात मैलापाण्याची स्थिरीकरण तळी कशी आखावी, बांधावी, चालवावी यावर काम केलं. १९७० साली त्यांचं मार्गदर्शक पुस्तकही आलं. शैवालांची ओळखपाळख त्याआधीची. गोन्साल्विस आणि जोशी यांनी वांद्र्याच्या एका तळ्यात वर्षभर कोणती शैवालं कधी येतात आणि कधी जातात याची नोंद केली, ती १९४६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. एन. डी. कामत यांनी १९६३ मध्ये कोल्हापूरच्या शैवालांवर लिहिलं. अशा याद्या कोरड्या वाटतात, पण त्या पाण्याचा पंचनामा असतात. पामर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६९ साली प्रदूषण सोसणाऱ्या शैवालांची क्रमवारी लावली. युग्लीना, ऑसिलेटोरिया, क्लॅमिडोमोनास, सेनेडेस्मस, क्लोरेला ही नावं तिच्यात अगदी वर आहेत. आजही एखाद्या तळ्याच्या थेंबात ही मंडळी गर्दी करून दिसली, तर वर कुठेतरी गटार मिळालंय असं समजायला हरकत नाही. आणि नेमकी हीच मंडळी मैलापाण्याच्या तळ्यात कामाला येतात. ज्याच्यावर आपण प्रदूषणाचा साक्षीदार म्हणून बोट ठेवतो, त्यालाच सफाईचं काम जमतं.

* * *

मधल्या काळात या विषयाला एक मोठं स्वप्न पडलं, आणि त्या स्वप्नाने त्याचं बरंच नुकसान केलं. काही शैवालं अंगात भरपूर तेल साठवतात. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर अमेरिकी सरकारने शैवालापासून इंधन काढण्याचा कार्यक्रम हाती घेतला. तो १९७८ ते १९९६ असा अठरा वर्षं चालला. हजारो जाती गोळा झाल्या, न्यू मेक्सिकोतल्या रोझवेलला उघडी तळी बांधली गेली. १९९८ च्या अखेरच्या अहवालाचं तात्पर्य असं की हे जमतं, पण खनिज तेलाच्या दरापुढे परवडत नाही. नंतर तेल महागलं तसं स्वप्न पुन्हा जागं झालं, मोठमोठ्या कंपन्यांनी पैसे ओतले, आणि बहुतेकांनी काही वर्षांनी हात आखडते घेतले.

या हिशेबात मेख एकच होती. तेलासाठी शेवाळ वाढवायचं तर पाणी विकत, खत विकत, आणि शेवटी हाती येणारा माल स्वस्त. मैलापाण्यात हिशेब फिरतो. पाणी आयतं, खत आयतं, आणि पाणी साफ करून देण्याची मजुरी वेगळी. शेवाळ हे वरकड उत्पन्न. स्पेनमध्ये काडिझ प्रांतातल्या चिक्लाना या गावी युरोपीय संघाच्या मदतीने २०११ साली सुरू झालेल्या प्रकल्पाने हाच मार्ग धरला. गावाच्या मैलापाण्यावर शेवाळ वाढवलं, ते कुजवून बायोगॅस काढला, तो शुद्ध केला आणि त्यावर मोटारी चालवून दाखवल्या. पाणी साफ करायचं हे मूळ काम ठरलं, की इंधन जोडधंदा म्हणून परवडू शकतं. मूळ काम इंधन ठरवलं, की सगळं कोलमडतं. या पुस्तकात शेवाळाच्या पेट्रोलची स्वप्नं शोधणाऱ्याची थोडी निराशा होईल.

* * *

आता अडचणी. त्या न सांगता केलेली प्रस्तावना ही जाहिरात होते.

सर्वांत मोठी अडचण शेवाळ पाण्यातून बाहेर काढण्याची. लिटरभर पाण्यात शेवाळ असतं जेमतेम पाव ते अर्धा ग्रॅम. त्याची घनता पाण्याइतकीच, म्हणून ते बसत नाही. प्रत्येक पेशीवर ऋण विद्युतभार, म्हणून त्या एकमेकींना चिकटत नाहीत. गाळायला जावं तर जाळी तुंबते, गरगरा फिरवून वेगळं करावं तर वीज खाते. आणि ते काढलंच नाही तर केलेलं सगळं वाया, कारण हिरवं पाणी नदीत सोडलं की शेवाळ पुढे जाऊन मरतं, कुजतं आणि वाचवलेला प्राणवायू परत घेतं. पंप, चाकं, तळी यांचं कौतुक करणारे बरेच प्रकल्प या एका पायरीवर घसरले आहेत. शेवाळावर पाय घसरण्याची परंपरा अभियंत्यांनीही पाळली म्हणायची.

उपाय आपल्या घरात होता. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात आजी तुरटी फिरवायची, कुणाकडे निवळीची बी उगाळून घालायचे; पाणी तासाभरात निवळायचं. तुरटी त्या ऋण भाराला शांत करते आणि कण एकमेकांना धरतात. शेवाळावरही ती चालते, पण मग शेवाळात ॲल्युमिनियम येतं आणि त्याचं खत करताना ते आडवं येतं. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी याहून शहाणी वाट शोधली. बसवलेल्या शेवाळातला थोडा भाग ते रोज तळ्यात परत घालत राहिले. जी शैवालं चटकन खाली बसतात तीच त्यात जास्त असतात. त्यांनाच पुन:पुन्हा संधी मिळाल्यावर काही काळाने तळ्यात पेडियास्ट्रम नावाच्या, चकतीसारखे पुंजके करून राहणाऱ्या शैवालाचं राज्य आलं आणि ते आपोआप तळाशी बसू लागलं. आपल्या आया-आज्या हेच शतकानुशतकं करत आल्या आहेत. चांगल्या दह्यातलं चमचाभर राखून ठेवायचं आणि उद्याच्या दुधाला त्याचंच विरजण लावायचं.

दुसरी अडचण जागेची, आणि तिच्यासाठी थोडं गणित करावं लागेल. दहा हजार वस्तीचं गाव घ्या. माणशी १३५ लिटर पाणी धरलं आणि त्यातलं ८० टक्के सांडलं, तर रोज साधारण दहा लाख लिटर मैलापाणी. ते तळ्यात सहा दिवस राहायला हवं आणि तळं तीस सेंटिमीटर खोल, म्हणजे लागणारी जागा दोन हेक्टर. पाच एकर. गावच्या गायरानात हे बसतं. पण पुण्यासारख्या शहराने हाच हिशेब मांडला तर हजारो एकर लागतील, आणि तिथे एका एकराचा भाव विचारायचीही सोय नाही. म्हणून शेवाळाची तळी हे महानगरांचं औषध नव्हे. ते नगरपंचायतीचं, तालुक्याच्या गावाचं, साखर कारखान्याच्या वसाहतीचं, आश्रमशाळेचं औषध आहे.

तिसरी अडचण आभाळाची. जून ते सप्टेंबर ढगाळ दिवसांत शेवाळाची वाढ मंदावते, आणि तळ्यात पाऊस पडून पाणी पातळ होतं. कोकणात हे चार महिने कसे काढायचे, याला वेगळा विचार लागतो. मराठवाड्यात ऊन मुबलक, तर तिथे पाणी उडून जातं. मे महिन्यात रोज आठ-दहा मिलिमीटर बाष्पीभवन झालं, तर पाच एकर तळ्यातून दीड-दोन लाख लिटर हवेत जाईल; आलेल्या पाण्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. दुष्काळी तालुक्याने हा हिशेब आधी करावा, तळं मागाहून.

चौथी अडचण चरणाऱ्यांची. मोकळ्या कुरणात जशी गुरं शिरतात, तसे शेवाळाच्या तळ्यात डॅफ्निया आणि रोटिफर हे डोळ्यांना जेमतेम दिसणारे प्राणी शिरतात, आणि दोन-चार दिवसांत हिरवं तळं चाटून तपकिरी करतात. त्यामुळे तळ्यालाही राखणदार लागतो. रोज पाणी पाहणारा, थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणारा. ‘काही करावं लागत नाही’ असं सांगून ही पद्धत कोणी विकत असेल, तर त्याच्यापासून सावध राहावं.

* * *

इतकं करून हाती काय येतं? तेच दोन हेक्टरचं तळं पुन्हा घेऊ. चौरस मीटरमागे रोज पंधरा ग्रॅम सुकं शेवाळ धरलं, तर रोज तीनशे किलो. एक किलो शेवाळ तयार होताना दीड किलोच्या आसपास प्राणवायू सुटतो, म्हणजे दिवसाला साडेचारशे किलो. गावाच्या मैलापाण्यातली घाण कुजवायला तो साधारण पुरतो. शेवाळाच्या वजनात सुमारे सात टक्के नत्र आणि एक टक्का स्फुरद असतो. तीनशे किलोत वीस-एकवीस किलो नत्र आला. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असतो ४६ टक्के, म्हणजे तेवढाच. स्फुरदाचा हिशेब केला तर साधारण तीन-साडेतीन दिवसांना डीएपीची एक गोणी. हे कागदावरचे अंदाज आहेत. ऋतू बदलला की ते बदलतील. पण त्यांचा आकार लक्षात राहावा म्हणून सांगितले.

या शेवाळाचं खत करता येतं, बायोगॅस काढता येतो, काही ठिकाणी माशांना घालता येतं. बायोगॅससाठी नुसतं शेवाळ दिलं तर पेशीची भिंत चिवट असल्यामुळे ते सावकाश कुजतं, आणि नत्र जास्त असल्यामुळे अमोनिया साचतो. उसाचं पाचट किंवा भाजीबाजाराचा कचरा मिसळला तर ताळमेळ बसतो. कोकणातल्या भातशेतकऱ्याला निळं-हिरवं शेवाळ जैविक खत म्हणून आधीच माहीत आहे. भातखाचरातल्या नत्रामागे त्याचा हात आहे हे पी. के. डे यांनी १९३९ सालीच दाखवलं होतं. मात्र एक रेघ स्पष्ट ओढलेली बरी. औषधाच्या दुकानात स्पिरुलिनाच्या गोळ्या मिळतात, तो माल स्वच्छ पाण्यात वाढवलेला असतो. मैलापाण्यातलं शेवाळ माणसाच्या पोटात जाण्यासाठी नाही. ज्या गटारात कारखान्यांचं पाणी मिसळतं, तिथलं तर शेतातही घालू नये. शेवाळ शिसं, कॅडमियम असे जड धातू अंगात साठवून घेतं. पाणी साफ करताना हा गुण, खत करताना हाच दोष. म्हणून घरगुती मैलापाणी आणि कारखान्याचं पाणी वेगळं ठेवणं ही या सगळ्याची पहिली अट आहे. ती अट शेवाळ पाळू शकत नाही, आपल्यालाच पाळावी लागेल.

हे पुस्तक मी तज्ज्ञांसाठी लिहिलेलं नाही. त्यांच्याकडे याहून नेमके ग्रंथ आहेत. समोर ठेवला आहे तो नगरपंचायतीचा सदस्य, ज्याच्या टेबलावर शुद्धीकरण केंद्राचा प्रस्ताव येतो आणि ज्याला त्यातला वीजबिलाचा रकाना सोडून काही समजावून सांगितलं जात नाही. समोर आहे ती विज्ञानाची शिक्षिका, जिला मुलांना दाखवायला महागडी प्रयोगशाळा नको, ओढ्याच्या पाण्याची एक बाटली आणि खिडकीतलं ऊन पुरे आहे. आणि समोर आहे तो शेतकरी, जो खताच्या रांगेत उभा राहतो आणि ज्याच्या बांधाजवळून तेच खत वाहत जातं.

वाचकाला एकच विनंती. पुढचं पान उलटण्याआधी आपल्या गावाचं गटार जिथे ओढ्याला मिळतं, तिथे एकदा उभं राहून यावं. नाकाला रुमाल लावून का होईना, पण यावं. दहा हजार वस्तीच्या गावातून तिथे रोज चाळीस-पन्नास किलो नत्र वाहून जातो. युरियाच्या दोन गोण्या. त्यातली एक पाच एकरांच्या तळ्यात अडवता येते.